संगमरवरी देवघर आणि तिसरा मजला

ज्याच्या कृपेने चार भिंतींना घरपण येते त्या विघ्नहर्त्याला आणि आमच्या कुलस्वामिनीला वंदन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, माझा पुतण्या सांगलीत घर घेत आहे. बिल्डर काय काय फुकट देऊ करतो, ते त्याने काल मला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवले. जे सांगावयाचे होते ते समोरासमोर सांगताना मान खाली गेली असती. म्हणून लेखणीचा आधार घेतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. साताऱ्यातील संस्कृत अध्यापनातून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयतांनी सांगलीस, लेकीच्या सासराजवळ, राहावयास जाण्याचे ठरवले. माझ्या पत्नीचे गुडघे संधिवाताने धरलेले होते. ब्लॉक पाहावयास निघालो तेव्हा एस.टी.त तिने मला एवढेच बजावले, "तळमजल्याचा मागा. किमतीत बिल्डर काही सोडो, न सोडो. मला जिने नकोत."

बिल्डर मूळचा कडेगावकडचा, बोलावयास मोकळा. मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले.

"गुरुजी, तुमच्यासंगं घासाघीस करायची म्हंजे पाप लागंल. तळाचाबी ब्लॉक हाय, पर तुमी तिसऱ्यावर या. पूर्वेकडं तोंड हाय. संगमरवरी देवघर माझ्याकडनं, वास्तुशांतीचा खर्च माझ्याकडनं. दक्षिणा समजा."

आमच्या घराण्यात दक्षिणा मोजून घेत नाहीत. यजमानाने हातावर जे ठेवले ते कपाळाला लावावे, कमी-अधिक म्हणू नये, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. तो शब्द कानी पडला आणि माझी जीभ बांधली गेली. ती तशी बांधली गेलेली मला आवडलीही. देवघर तेथेच कचेरीच्या कोपऱ्यात मांडलेले होते. नक्षीची कमान, आत पितळी घंटा. आमचे देव आयुष्यभर लाकडी पाटावर बसलेले. माझी नजर त्या कमानीवरून हलेना.

पत्नीने विचारले, "आणि लिफ्ट?"

"जागा सोडलीया की काकू. समदे ब्लॉक खपले की बसवतो."

"तोवर मी त्या जागेत नुसती उभी राहिले, तर वर पोचेन का?"

बिल्डर खळखळून हसला. मी मात्र हलक्या आवाजात तिला म्हणालो, "शुभकार्यात मोडता घालू नये." मी इसार देऊन टाकला.

वास्तुशांतीच्या दिवशी गृहिणीने पाण्याने भरलेला कलश घेऊन उंबरठा ओलांडावयाचा होता. पाहुणे वर पोचले, मीही पोचलो. पुरोहित दारातून हाका मारू लागले, "यजमानीणबाई, मुहूर्त टळतोय!" मी कठड्यावरून वाकून पाहिले. ती मधल्या वळणावर भिंतीला टेकून उभी होती, कलश छातीशी धरलेला. वर येईपर्यंत त्यात निम्मेच पाणी उरले होते. तिच्या पदराला आणि जिन्याला ओल. पुरोहितांनी तांब्याने कलश पुन्हा भरला. मी घंटा वाजवली. तिच्याकडे पाहण्याचे मात्र टाळले.

पुढे तिचे खाली जाणे थांबले. साताऱ्यात ती रोज संध्याकाळी देवीच्या दर्शनाला जात असे, वाटेत दहा जणींशी बोलत असे. येथे ती गॅलरीतून दोरीने टोपली सोडून भाजी घेई. लिफ्ट येईना, कारण सगळे ब्लॉक खपले नव्हते.

एके सकाळी मी त्या देवघरासमोर जपाला बसलो होतो. खालून भाजीवालीचा आवाज आला, "आवं काकू, एकदा तुमीच बसा की टोपलीत! सोडा दोरी, मी हाय खाली धरायला!"

"अगं, मी बसले तर वरून दोरी कोण धरणार? ते जपाला बसलेत!"

दोघी हसत होत्या. माझ्या हातातली माळ थांबली ती पुढे सरकेना.

त्याच दिवशी मी बिल्डरकडे गेलो आणि आयुष्यात प्रथमच तोंड उघडून मागितले, तळमजल्याचा ब्लॉक कोणी घेतला नसेल तर आम्हाला बदलून द्या. तो चकित झाला.

"आवं गुरुजी, त्योच तर पडून ऱ्हायलाय! धूळ, डास, कुणाला नगं. तवा मागितला असता तर किमतीत लय उतरलो असतो, स्टॅम्पचा खर्चबी मीच सोसला असता. काकूंचं तोंड बगून मला वाटलं हुतं, मागत्याल. पर तुमी देवघराकडनं नजर काढंना."

एका अनोळखी माणसाने माझ्या पत्नीचे तोंड पाहिले होते.

त्याने अदलाबदल करून दिली. नव्या कागदांचा खर्च माझ्यावर पडला, आणि भिंतीत पक्के बसवलेले देवघर वरच राहिले. बिल्डर काय म्हणाला ते मी पत्नीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "देव पाटावर ठेवा. सवय आहे त्यांना."

तळमजल्यावर आलो त्या संध्याकाळी ती मला न विचारता चपला घालून देवळाकडे निघून गेली. पाटावरच्या देवांपुढे मी दिवा लावला आणि ती परतेपर्यंत दार उघडे ठेवून बसलो.

वाचकहो, आपणा सर्वांच्या वास्तूवर त्या जगन्मातेची दृष्टी राहो. घर ठरवताना घरातील प्रत्येकाचे मागणे आपल्या मुखातून स्पष्ट निघो, आणि भरलेला कलश आपल्या उंबरठ्यातून भरलेलाच आत येवो.