तिसरा काटा

माझ्या दादाची दोन दुकानं आहेत. एक औषधांचं, दुसरं न्यायाचं. पहिलं संध्याकाळी बंद होतं, दुसरं कधीच होत नाही. निवडुंग वाढवणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक मंच आहे आणि दादा त्याचा कारभारी. कोणाचं लिखाण ठेवायचं, कोणाचं पुसायचं, कोणाला हाकलायचं हे सगळं तो ठरवतो. घरात त्याला पंखा किती जोरात लावायचा हेसुद्धा ठरवू देत नाहीत, त्यामुळे ही सत्ता त्याला फार गोड लागते.

मंचावर शिक्षेला 'काटा' म्हणतात. शब्द दादाचाच. नियम मोडला की नावापुढे एक काटा, तीन झाले की बाहेर. सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे आधी विचारून झालेला प्रश्न पुन्हा विचारणं. अशा माणसाला दादा एकच उत्तर देतो, "आधी शोधा, मग विचारा," आणि वर काटा. नियम सगळ्यांना सारखा, हे तो जेवतानाही सांगतो, कोणी विचारलेलं नसताना.

आता सारखा म्हणजे कसा, ते बघा. आमच्या रस्त्यावरचे दातांचे डॉक्टर दर महिन्याला न चुकता विचारतात की निवडुंगाला पाणी किती घालावं. दादा दर महिन्याला न चुकता त्यांना पानभर उत्तर लिहितो आणि शेवटी 'छान प्रश्न' अशी शाबासकीही देतो. कारण डॉक्टरांचे पेशंट दादाच्या दुकानात येतात, आणि डॉक्टर त्याला गुरुजी म्हणतात. आपला तो बाब्या, दुसरं काय.

दुसऱ्याचं कार्टं म्हणजे शाळेची बस चालवणारा एक ड्रायव्हर. त्याच्या निवडुंगाचं बूड मऊ पडायला लागलं. त्याने काय करू म्हणून विचारलं, काटा. जुनी उत्तरं शोधली, ती कळली नाहीत म्हणून पुन्हा विचारलं, काटा. तिसऱ्यांदा एका बाजूला कललेल्या झाडाचा फोटो टाकून विचारलं आणि गडी बाहेर. मग तो थेट दुकानात आला. मी तिथे गोळ्या घ्यायला गेले होते. मला वाटलं आता भांडण होणार, पण त्याने नुसते काउंटरवर हात ठेवले.

"साहेब, झाड गेलं, ते जाऊ द्या. पण तिथे चार माणसं माझी विचारपूस करायची. डॉक्टर तर दर महिन्याला तेच विचारतात. मग मलाच का काढलं?"

दादा म्हणाला, नियम म्हणजे नियम. ड्रायव्हर मान हलवून निघून गेला. मला दादाची लाज वाटली आणि मी ते तिथल्या तिथे त्याला ऐकवलं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी आणि पक्षपात, असं म्हणत त्याने जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी खिशात घातली आणि घरी गेला. मीही मागोमाग गेले, कारण असा तमाशा फुकट बघायला मिळत नाही.

घरी त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर, जिथे लिहिणाऱ्यांची नावं दिसतात तिथे, वरपासून खालपर्यंत ती पट्टी चिकटवली. आता मला नाव दिसणार नाही, फक्त गुन्हा दिसेल, असं त्याने जाहीर केलं. काटे मोजायचं काम यंत्राचं, तिसरा पडला की यंत्रच माणसाला बाहेर काढतं. हे बघायला त्याने वहिनीलाही बोलावलं. ती छान म्हणाली आणि भाजी चिरायला परत आत गेली.

पट्टीआडून पहिलाच प्रश्न आला, पाणी किती घालावं. दादा खुशीत हसला. डॉक्टर लपतात होय, म्हणाला, एक ओळ वाचली की मला माणूस कळतो. आणि लागला पानभर उत्तर लिहायला. मी विचारलं, मग पट्टी कशाला लावलीस? त्यावर जिज्ञासा वेगळी आणि आळस वेगळा, असं प्रवचन झालं.

पुढच्या माणसाने एक फोटो टाकला होता. खिडकीतल्या निवडुंगाची वाढ थांबली आहे, रंग उतरला आहे, तिसऱ्यांदा विचारते आहे, कृपा करून सांगा, असं खाली लिहिलं होतं. दादाने फोटोकडे ओझरतं पाहिलं. कोणत्या दिवट्याने हे सावलीत ठेवलंय, अशा माणसाच्या हाती झाड देऊच नये, असं पुटपुटत त्याने तेच उत्तरातही लिहिलं. खाली 'आधी शोधा, मग विचारा'. काटा. सदस्य बाहेर, असं यंत्राने सांगितलं.

स्वयंपाकघरात फोन वाजल्यासारखा झाला. वहिनी फोन हातात घेऊन बाहेर आली.

"मला काढलंत," ती म्हणाली.

मी उठून फोटो नीट पाहिला. काठाला चीर गेलेली निळी कुंडी. लग्नाच्या वाढदिवसाला दादानेच आणलेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, सावलीत, दादानेच ठेवलेली. वहिनी 'नवशिकी' या नावाने कधीपासून मंचावर होती. घरात विचारलं की दादा नुसतं हं म्हणायचा, तिथे निदान शिव्या तरी पूर्ण वाक्यात मिळतात, असं ती म्हणाली.

दादा घाईघाईने म्हणाला, आत्ता परत घेतो, एका मिनिटाचं काम आहे. वहिनीने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"बायको म्हणून मला घेतलंत, तर ड्रायव्हर बोलला ते खरं ठरेल. आधी त्याला घ्या."

त्याचं प्रकरण वेगळं आहे, दादा म्हणाला. काय वेगळं, तिने विचारलं. तो पडद्यावरच्या पट्टीचं टोक नखाने उचकटायला लागला.

"पट्टी लावूनसुद्धा डॉक्टरांना ओळखलंत. मला नाही ओळखलंत. बरं, मी राहू दे, स्वतःची कुंडी तरी ओळखायचीत."

तिने आवाज चढवला नाही. मी मजा बघायला आले होते, पण आता मजा वाटेना. इतकी वर्षं मीही या घरात चहा पिऊन जाते. ही बाई कोणाशी बोलते, हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता.

दादाने ड्रायव्हरला परत घेतलं आणि फोन करून, दात उपटून घेताना बोलावं तसं, चुकलं म्हणाला. मग वहिनीच्या नजरेसमोर डॉक्टरांना काटा दिला. डॉक्टर रुसून मंच सोडून गेले आणि आता आपले पेशंट कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवतात. दादा सुतकात असल्यासारखा वावरतो. वहिनीसाठीही मंचाचं दार उघडलं, पण ती गेली नाही. कुंडी मात्र तिने उन्हात नेऊन ठेवली.

परवा मी गेले तेव्हा दादा घरभर हिंडत होता. त्याने वहिनीला विचारलं, माझा चष्मा कुठे ठेवलास?

"आधी शोधा, मग विचारा," वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं. त्याने गाद्या उचलल्या, खण उपसले, कपाटामागे हात घालून पाहिला. शेवटी दारात येऊन पुन्हा विचारलं, अगं, खरंच कुठे आहे?

"हे दुसऱ्यांदा झालं," वहिनी म्हणाली.

तिसऱ्यांदा विचारायची त्याची हिंमत झाली नाही.