वाडीपर्यंतचा रस्ता

बोरीवलीत गाडीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात तो फिटर होता. काम करताना स्क्रू ओठांत धरायचा, त्यामुळे फारसं बोलायचाच नाही. माझ्या जुन्या गाडीत रस्ता दाखवणारी स्क्रीन बसवायची होती. मालकाने तीन काढून ठेवल्या. त्यातली कुठली घ्यावी, ते मला कळेना.

फिटरने बोटं पँटला पुसली. तिन्ही स्क्रीन पाळीपाळीने बॅटरीला जोडून प्रत्येकीवर ‘घर’ या बटणाखाली एकच नाव टाइप केलं, कोकणातल्या त्याच्या वाडीचं. पहिलीला ती सापडलीच नाही. दुसरी तालुक्याला जाऊन थांबली. तिसरीवर निळी रेघ थेट वाडीत उतरली.

स्क्रू हातावर काढून तो म्हणाला, “ही घ्या. हिला गावली.”

“अहो, मला रोज अंधेरीलाच जायचंय.”

“अंधेरी काय, कुणालाही सापडते.”

तो स्क्रीन बसवत असताना मी विचारलं, गावी कोण असतं?

“कोण नाय. आई गेल्यापासून कुलूप आहे.” त्याने वर पाहिलं नाही. “रस्ता अजून आहे ना, तेवढं बघून घेतो.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निघताना मी ‘घर’ दाबलं. स्क्रीन म्हणाली, दहा तास. तो आपली वाडी पुसायला विसरला होता.

मी इथे एकटाच राहतो, भाड्याने. ‘घर’ बटणाखाली माझा पत्ता टाकायला दोन मिनिटं पुरतील. सहा महिने झाले, अजून टाकलेला नाही.