अण्णांची दुपारची हाक

उघड्या तळहातानं लोखंडी फाटक बडवलं की जो आवाज निघतो, त्यात घंटेचं माधुर्य नसतं आणि दारावरच्या थापेची अदबही नसते. पोकळ, दणकट, थेट कपाळात शिरणारा असा तो नाद असतो. फाल्गुन सरत आलेला, कडुलिंबाची सावली खोडाशी गोळा होऊन बसलेली, समोरच्या चार मजली वसतिगृहात शेकडो मुलं डॉक्टर व्हायच्या परीक्षेसाठी पुस्तकांवर वाकलेली. लातूरच्या आमच्या गल्लीतल्या अशा निःशब्द दुपारी तो नाद मी पहिल्यांदा ऐकला, आणि त्यामागून आला माझ्या वडिलांचा आवाज.

"बाहीर या रं लेकरांनो! समदे बाहीर या! आत थांबू नका!"

मी धावत गेले. वसतिगृहाच्या फाटकाशी अण्णा अनवाणी, धोतराचा सोगा रस्त्यावर लोळणारा, दोन्ही तळहात लाल झालेले. खिडक्याखिडक्यांतून मुलं डोकावत होती, कुणी हसत होतं, कुणी मोबाईल वर धरला होता. वसतिगृहाचे मालक सौजन्यानंच म्हणाले, "मॅडम, मुलं घाबरतात. जरा सांभाळा ना." मी क्षमा मागितली, अण्णांचा दंड धरला आणि खाली मान घालून घरी आणलं. कशाची लाज वाटली होती मला? त्या क्षणी हा प्रश्न मी स्वतःला विचारलाही नाही.

अण्णा म्हणजे औसा तालुक्यातल्या एका गावचे प्राथमिक शिक्षक. आमचं घर दगडामातीचं, वर हातभर जाडीचं मातीचं छप्पर, माळवद. भूकंप झाला त्या पहाटे अण्णा आणि आई अंगणात निजलेले होते म्हणून वाचले. आत निजलेली माझी आजी, अण्णांची आई, वाचली नाही. मी तेव्हा नांदेडला सासरी होते. पोचले तेव्हा गावाच्या जागी दगडांचा ढीग होता, आणि त्या ढिगावर पायजमा-बंडीवर उभे राहून अण्णा शाळेतल्या मुलांच्या नावानं हाका मारत होते. त्यानंतर पत्र्याचं शेड आलं, मग पुनर्वसनातलं घर आलं, पण आजीविषयी अण्णा एक शब्द बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. शोकाला मौनाची शाल पांघरली की तो झोपी जातो, अशी आपली किती भाबडी समजूत असते!

आई गेल्यावर मी त्यांना लातूरला आणलं. पतींच्या पश्चात मीही एकटीच होते, शाळेतून निवृत्त झाले होते. दोन एकटेपणांची एक सोबत होईल असं वाटलं. पहिली दोन वर्षं तशी ती झालीही. मग अण्णा चष्मा घातलेला असताना चष्मा शोधू लागले, जेवून उठल्यावर जेवायला मागू लागले, आणि एके दिवशी समोरची ती उंच इमारत पाहून त्यांच्या मनात काय हललं कोण जाणे, तेव्हापासून रोज दुपारी तिच्या फाटकाशी जाऊ लागले. डॉक्टर म्हणाले, "त्यांचं चुकतंय हे पटवून देत बसू नका. प्रसंग खोटा असेल, भीती खरी आहे. ती कमी होईल असं बोला." ऐकायला किती सोपं! पण खऱ्या भीतीला खोटा दिलासा द्यायचा, म्हणजे नेमकं काय करायचं? जन्मभर ज्यांनी मला खरं बोलायला शिकवलं, त्यांच्याशीच?

माझा धाकटा भाऊ दिलीप नांदेडला, विष्णुपुरीकडे राहतो. तो आला, सगळं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, एखाद्या गाडीखाली आले म्हणजे? दाराला कुलूप लाव. नाहीतर मी नेतो त्यांना."

"तुझं घर पाचव्या मजल्यावर. तिथं ते एक दिवस तरी राहतील का?"

"मग तूच सांग, काय करायचं?"

मला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं. दोघंही आपापल्या अज्ञानावर चिडलो होतो आणि रागवत मात्र होतो एकमेकांवर. शेवटी कुलूप लागलं. किल्ली माझ्या कमरेला. दोन दिवस अण्णांनी घराचं दार आतून बडवलं. "लेकरं आत हायेत, माय, सोड मला!" लेकीला ते पहिल्यापासून मायच म्हणत. त्यांचे हात सुजले. मी त्यांना सुरक्षित ठेवत होते, की माझी शांती सुरक्षित ठेवत होते? काळजी आणि कैद यांच्यामधली भिंत इतकी पातळ असते, हे मला त्या किल्लीच्या टोचण्यानं कळलं.

तिसऱ्या दिवशी दारात एक मुलगी उभी. रेणुका नाव, हदगावकडची, वसतिगृहात राहणारी. बारीक अंगाची, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं.

"काकू, आजोबा दोन दिवसांपासून येऊन नाही राहिले. बरे हायेत ना?"

मला वाटलं, थट्टा करायला आली. बोलले तिला थोडं तुटकपणे. ती ओढणीचं टोक चाळवत म्हणाली, "तसं नाही, काकू. घरून निघाल्यापासून सगळे मला एकच सांगतात, आत बस, अभ्यास कर. बाहेर ये म्हणणारं एकच माणूस भेटलं इथं."

मी तिला घरात घेतलं, पाणी दिलं.

मग आम्ही दोघी मालकांकडे गेलो, अण्णांच्या हाकेवर मुलांना थोडा वेळ बाहेर सोडा म्हणून. ते आधी नाही म्हणाले, मग शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे बघत म्हणाले, "चार वाजता, पंधरा मिनिटं. जास्त नाही." दुसऱ्या दिवशी चारला मी कुलूप काढलं. अण्णांनी फाटक बडवलं, हाक मारली, आणि खरोखरच जिन्यावरून पावलं उतरू लागली. आधी रेणुका, मग तिच्या तीन मैत्रिणी, मग दहा-पंधरा मुलं. कडुलिंबाखाली सगळी उभी राहिली. अण्णांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"समदे आले का?"

"आलो, आजोबा."

"आत कोन राहिलं न्हाई ना?"

"कुणी नाही."

अण्णांचे खांदे खाली आले. शाळा सुटल्यावर मास्तर घरी जातात तसे संथ चालत ते घरी आले आणि झोपले. अनेक महिने हा परिपाठ चालला. मुलं तेवढ्या वेळात आळस द्यायची, चिंचा खायची, एकदा तर खो-खोसुद्धा खेळली. मला वाटलं, सापडलं उत्तर! किती सहज आपण समाधानाच्या स्वाधीन होतो!

पुढच्या वर्षीच्या परीक्षेनंतर रेणुका आणि तिच्या बरोबरची मुलं निघून गेली. नवी मुलं आली. त्यांना ही हाक परकी होती. फारसं कुणी उतरेना. आणि पावसाळ्याच्या शेवटी अण्णा न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात शस्त्रक्रियेत धोका आहे, न करण्यातही आहे, ठरवा. दिलीप रात्रीच्या गाडीनं आला. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं सही करायचा कागद मध्ये ठेवून बसलो. अण्णांना काय हवं असेल? ज्या काळात त्यांना विचारता आलं असतं, त्या काळात ते विचारणं अभद्र वाटलं. आता विचारायचं तर उत्तर देणारा माणूस अर्धा दूर गेलेला. नकळत्या वयातल्या मुलांचं भविष्य ठरवायला आपण इतके तत्पर असतो, मग आईवडिलांच्या अखेरच्या वाटेविषयी बोलताना जीभ का जड होते?

"ताई, तू म्हणशील तसं," दिलीप म्हणाला.

"मी काय म्हणू? तूही सांग ना काहीतरी."

तो रडू लागला. लहानपणानंतर मी त्याला प्रथमच जवळ घेतलं. मग दोघांनीही सही केली. शस्त्रक्रिया झाली, अण्णा वाचले. पण चालणं परतलं नाही. पलंग खिडकीशी लावला. हाक थांबली. ते बरं झालं की वाईट, तेही मला उमगेना.

एका दुपारी मी त्यांना भाताची पेज भरवत होते. दोन घास झाले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. आवाज क्षीण, पण विलक्षण स्वच्छ.

"त्या पहाटी आईला म्या एकदाच हाक मारली. ती म्हणली, येते. म्या दुसऱ्यांदा मारली न्हाई."

इतक्या वर्षांत प्रथमच. डॉक्टरांचे शब्द आठवले, भीती कमी होईल असं बोला. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, आली ती. तुमची हाक ऐकून आली बाहेर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत चुकलेलं गणित हळुवार पुसणाऱ्या मास्तरांची ती नजर होती.

"न्हाई, माय. न्हाई आली. मला ठावं हाय."

मग इतके दिवस भ्रमात कोण होतं? ते की मी? मी वाटी खाली ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसले.

"आजी कशी होती, अण्णा?" मी विचारलं.

"लई हसायची," ते म्हणाले, आणि सांगू लागले.