आजाऱ्याचं गोड

आमच्या ढोकीत धडधाकट माणूस सहसा सफरचंद खात नाही. सफरचंद आणि ब्रेड या आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायच्या वस्तू. माझे सासरे साखर वाढली म्हणून दवाखान्यात राहून आले आणि आमच्या घरात फळांचं दुकानच लागलं. जन्मभर कारखान्याला ऊस घातलेल्या माणसाची साखर वाढली, याचं गावाला नवल वाटलं नाही. वाईट तेवढं वाटलं.

डॉक्टरांनी गोड बंद केलं, तर सासऱ्यांनी रुसून जेवणच तोडलं. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. बाजेवरून उठेनात. मला भीती वाटायला लागली. मग मोबाइलवर बघून एक हलकं गोड करायला घेतलं. तूप नाही, साखर नाही. सफरचंदाची असेल तेवढीच गोडी. फोडी दालचिनी-लवंगेच्या पुडीत घोळल्या, दुधात भिजवलेल्या ब्रेडवर पसरल्या आणि शिट्टी काढलेल्या कुकरात, तळाशी मीठ घालून, भाजायला ठेवल्या. शेजारीण दारातून विचारून गेली, "मसालेभात हाय का गं?"

वाटी पुढं केली. सासऱ्यांनी चमच्यानं उकरून पाहिलं.

"सफरचंद?"

"व्हय मामा."

"आन् खाली ब्रेड?"

"व्हय."

"दुष्काळात तेरावा महिना! लोकांनी आणलं ते कमी पडलं म्हणून तू शिजवून घालतीस? मी काय आजारी हाय का?"

वाटी तशीच परत आली. असा राग आला म्हणता! सकाळपासूनची मेहनत पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी कळलं, वरच्या आळीतला त्यांचा दोस्त पाय मुरगळून पडलाय. सासरे उठले, टोपी घातली.

"ते कालचं डब्यात भर. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाऊ न्हाय."

मी डबा भरला. बाजेवरून उठले, हेच पुष्कळ होतं.

दुपारी परत आले ते चालत, ताठ. डबा चाटूनपुसून रिकामा. मिशीला दालचिनी लागलेली.

"आवडलं का त्यास्नी?" मी विचारलं.

"त्यानं दोनच चमचे खाल्लं. आजारी माणूस किती खानार?"

मी मिशीकडं पाहिलं नाही. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि डबा माझ्या हातात दिला.

"उद्या जरा जास्त कर. त्याला बरं व्हायला लई येळ लागंल."