मावशींची लाल माठाची जुडी

मंडळी, आज मी काय बोलून बसले!

आमची विद्यापीठाची रसायन आणि आरोग्य संशोधन संस्था. सकाळी आम्ही वसईच्या होळी गावात पालेभाजीचे नमुने घ्यायला गेलो होतो. भाजीत शिसं सापडतं का, ते तपासायचंय.

निघताना वाडीवाल्या मावशींनी लाल माठाची जुडी पुढे केली. "घरी न्या, आताच काढलीय."

लॅबची सवय. मी पटकन म्हणाले, "नको मावशी, आधी रिपोर्ट येऊ दे."

मावशी म्हणाल्या, "मंग आमी रोज खातो त्याचं काय?"

जुडी त्यांनी परत टोपलीत ठेवली. मी नमुन्यांच्या पिशव्या उचलल्या आणि निघाले.

रिपोर्ट चांगला आला तर सांगायला मीच जाईन. पण मावशी पुन्हा जुडी पुढे करतील?