गाडीच्या फळ्यांचं टेबल

समोरच्या घराची जुनी दारं उतरवून सुतार त्यांना रंधा मारतोय. नांदेडच्या आमच्या या गल्लीत सकाळपासून लाकडाचा कडसर, उबदार वास भरून राहिलाय. वरचे हिरव्या रंगाचे पापुद्रे गळून पडतात आणि आतून मधासारखं पिवळं लाकूड उघडं होतं. इतकी वर्षं ऊनपाऊस झेललेलं लाकूड आत एवढं ताजं कसं राहतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. तुम्हालाही एखादा वास असा हात धरून मागे नेत असेल. मला हा वास लातूरच्या दोन खोल्यांत नेऊन सोडतो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. वडील मुखेडहून बदलीवर तिथल्या नव्या कचेरीत आले होते. शहराला जिल्ह्याचा मान मिळाला होता, पाणी मात्र मिळालं नव्हतं. टँकर येण्याआधीच घागरींची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलेली असे. घरात एक बाज आणि एक पत्र्याची पेटी, बाकी सगळा संसार जमिनीवर. जेवणाची पद्धतही ठरलेली होती. आधी वडील आणि आम्ही दोघी बहिणी, मग सगळं आवरून चुलीच्या विझत्या उजेडात आई. उरेल ते, गार झालेलं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, तिलाही नाही.

वडिलांना तंबाखूची सवय होती. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरतोय, हीच माझ्या मनातली त्यांची पहिली मूर्ती. एकदा तिखट झोंबायला लागलं म्हणून दवाखान्यात गेले. गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. "आज सोडली तर कदाचित मिटेल," डॉक्टर म्हणाले, "नाही सोडली तर पुढचं मला विचारू नका." घरी येऊन वडिलांनी चुन्याची डबी चुलीत टाकली. पण अंगठा काही थांबेना. रिकाम्या तळव्यावर तो तसाच फिरत राही. रात्री ते आईला म्हणाले, "जिभेला समजावीन गं, पण या हाताला काय सांगू?"

"हाताला काम द्या," आई म्हणाली. "शाळेत सुतारकाम शिकलात म्हणता. गावाकडं गाडी पडून हाय. तिच्या फळ्या आणा."

गाडी म्हणजे आजोबांची बैलगाडी. आमच्या वस्तीतली ती पहिली. तोवर आमच्या माणसांनी दुसऱ्यांच्या गाड्या भरल्या होत्या आणि रिकाम्या केल्या होत्या. मोठ्या दुष्काळात बैल गेले आणि ती अंगणातल्या बाभळीखाली थांबली ती थांबलीच. मोठे काका मात्र दर उन्हाळ्यात तिला जवसाचं तेल पाजत. वडील मला घेऊन गावी गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं, अंगणातल्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बापाची गाडी मोडायची? न्हाई जमायचं."

परतीच्या एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याने तंबाखू मळली आणि चिमूट वडिलांपुढे धरली. हात पुढे गेला. मी पाहत होते. मग तो हात वळला, माझ्या खांद्यावर येऊन बसला आणि लातूर येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही. किती घट्ट धरला होता, ते मला अजून आठवतं.

थोड्याच दिवसांत सकाळी दारात मोठे काका उभे. गाडीच्या फळ्या एसटीच्या टपावरून उतरवून त्यांनी हमालाकडून दारापाशी ठेवून घेतल्या होत्या. वडिलांनी वरच्या फळीवरून हात फिरवला. "दादा, तू तर म्हणला होतास..."

"लई झोप न्हाई लागली," काका म्हणाले. "गाडी काय, दुसरी बी हुईल. तुझं तोंड कुठून आणावं?"

ते आमच्याकडे राहिले. कचेरी सुटली की दोघे भाऊ अंगणात बसत. एक करवत धरी, दुसरा फळी. वडिलांच्या तळव्याला फोड आले, अंगठा थकून गप्प झाला. कचेरीत नव्या सामानाबरोबर आलेली लाकडी खोकी फुकटच जात होती; त्यांच्या पट्ट्यांची बाकं झाली. फळ्यांचं टेबल झालं, आमच्या खोलीच्या मानाने चांगलंच लांब. "एवढं कशाला?" वडिलांनी विचारलं. "मोजून घेतलंय," एवढंच काका म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसलो. आई डोक्यावर पदर घेऊन चुलीजवळ उभी. थोरल्या दिरासमोर ती कधी बाजेवरही टेकली नव्हती. काकांनी भाकरीला हात लावला नाही.

"माय, बस तू बी."

"वाढायचं हाय अजून..."

"घेतो आमचं आम्ही. बापाच्या गाडीत आम्ही समदे बसून बाजाराला जायचो. घरातलं कुणी मागनं चालत येत नव्हतं."

आईने वडिलांकडे पाहिलं. ते सरकले आणि बाकावर जागा झाली. ती कडेला, अर्धी पाठ वळवून बसली. खाली मान घालून तिने भाकरी मोडली आणि आतून वाफ निघाली. आईच्या ताटात वाफ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

चट्टा हळूहळू मिटला. वडिलांनी तंबाखूला पुन्हा हात लावला नाही. पहाटे फिरायला जाऊ लागले; येताना कुणी टाकलेली खिडकीची चौकट, मोडकी खुर्ची खांद्यावर घेऊन येत. गल्लीतल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातची स्टुलं होती. पुढे काका वारले, त्यांच्यामागून काही वर्षांनी टेबलाला वाळवी लागली. आम्ही फार हळहळलो नाही; जमिनीवरही आई आता आमच्याबरोबरच जेवायला बसे.

आईच्या शेवटच्या आजारात तिला उठवत नसे. तेव्हा वडील आपलं ताट घेऊन तिच्या उशाशी जमिनीवर बसत. वाटीतल्या दुधात भाकरी कुस्करून पहिला घास तिला भरवत, मग स्वतः खात. एके दिवशी ती म्हणाली, "तुमचं गार होतंय की." वडील म्हणाले, "होऊ दे." माणसं बदलतात ती अशीच, घासाघासाने, कुणाला पत्ता न लागता. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पण त्या दिवशी तिने वाटी संपवली.