मिशीवाल्या भुताचे वकील

निजाम सरकारच्या अख्ख्या मुलखात, औरंगाबादेपासून पार रायचुरापर्यंत, एका पडेल सिनेमासाठी परक्या माणसाची गचांडी धरायला तयार असलेला माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. परभणीच्या मोंढ्यात त्यांची कापसाची अडत होती. पण काट्यावर गाठोडं चढलं आणि कुणी नुसतं "काल तंबूत कोणता खेळ होता?" असं विचारलं, की काटा तसाच लोंबकळत राही, शेतकरी उन्हात उभा राही आणि आतोबा पहिल्या रिळापासून सुरुवात करीत. बैल कंटाळून गाडी घेऊन आपापल्या गावी निघून गेलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

सिनेमा होता भुताचा. बोलपट येऊन जुने झाले तरी आमच्याकडच्या तंबूत अजून मुकेच खेळ येत, आणि त्यातही हा सर्वांत गरीब. सुरुवातीचं रीळ कधीच तुटून गेलं होतं, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आतोबा त्याला 'सासूचा शिनेमा' म्हणत. गोष्ट साधी: सून वेगळ्या पंथाची म्हणून सासू तिच्या हातचं खात नाही, हट्टापायी उपाशी मरते आणि भूत होऊन स्वयंपाकघरात फिरते. सासूचं काम एका पैलवान गड्याने केलेलं. तोंडाला पीठ फासलं होतं, पण मिशी काढायला तो राजी झाला नसावा. भुताचे पाय उलटे दाखवायला कंपनीकडे दाम नव्हता, म्हणून त्या गड्यालाच उलटा चालवला होता. दर दोन पावलांनी तो कशाला तरी धडकायचा. मसणवट्यात सासूची चिता पेटते तेव्हा मागे एक शेळी निवांत बाभळीचा पाला खाताना दिसे.

लोक तंबू डोक्यावर घेऊन हसत. आतोबा उठून उभे राहत. "हसायलाव काय रे? मेल्यावर बाईला मिशा येत न्हाईत हे तुला कुणी सांगितलं? मरून आलायस का?" धडपडण्याबद्दल कुणी बोललं, तर म्हणत, "जन्मभर सुलटं चाललेलं माणूस. नव्या पायाची सवय व्हायला टाइम लागंल का न्हाई?" शेळीबद्दल मात्र ते गंभीर होत. "शेळी हे लय वरच्या दर्जाचं काम हाय. जग कुणासाठी थांबत न्हाई, हे दाखवलंय त्यानं." तंबू परभणीहून गंगाखेडला गेला की हे मागोमाग गंगाखेडला, तिथून जिंतूरला. पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या पाट्या उर्दूत असत, त्या हे अख्ख्या तंबूला मराठीत मोठ्याने वाचून दाखवत. मी सरकारी शाळेत उर्दूच शिकलो होतो. पाटीवर "बहू, भूक लगी है" एवढंच असे आणि आतोबा तिचं जे काही करीत ते ऐकून जिंतूरच्या बायका पदराला डोळे पुसत.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय आतोबा पुरे होत नाहीत. माझी बायको जिंतूरकडची, महानुभाव पंथाच्या घरातली. ते लोक दुसऱ्या देवाचा नैवेद्य खात नाहीत. आणि आमच्या घरी खंडोबा. त्याला दाखवल्याशिवाय रोजची भाकरीसुद्धा पानात पडत नसे. आई मागेच गेली होती, घर वडिलांच्या आवाजावर चाले. नवी सून खाली मान घालून एवढंच म्हणाली, "मामंजी, माझं ताट तेवढं आधी काढून ठेवू द्या. मग देवाला दाखवा." वडील कडाडले, "देवाच्या आधी सुनेचं ताट? ह्या घरात?" ती जेवलीच नाही. माहेरून आणलेल्या लाह्यांवर किती दिवस काढणार? शेवटी तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. मी घरात असून नसल्यासारखा झालो.

तेवढ्यात आतोबा आले. घरचे जावई, त्यांचा शब्द वडिलांना मोडता येत नसे. "पाव्हणं, जिंतूरला देवाचा शिनेमा आलाय. चला." वडिलांनी उभ्या जन्मात पडदा पाहिला नव्हता, पण देवाच्या खेळाला लोक नारळ फोडतात, एवढं ऐकून होते. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, भंडाऱ्याची पिशवी घेतली, तंबूच्या दाराशी जोडे काढले आणि हात जोडून पुढे बसले. मी त्यांच्यामागे बसलो. नावाची पाटी तर नव्हतीच. पडद्यावर उजेड पडला, पहिलीच मिशीवाली मूर्ती दिसली आणि वडिलांनी "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून मूठभर भंडारा थेट भुताच्या तोंडावर उधळला. अर्धा तंबूही सवयीने "जय मल्हार" म्हणाला.

"पाव्हणं, ती सासू हाय," आतोबा हळूच म्हणाले.

वडिलांचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण भंडारा उधळलेल्या मूर्तीकडे पाठ करून उठायचं कसं? ते बसून राहिले. आणि दोरीपलीकडे, बायकांच्या बाजूला, तिच्या आईच्या शेजारी माझी बायको बसलेली मला दिसली. तिलाही आतोबांनीच आणवलं होतं.

शेवटच्या रिळात भूत चुलीजवळ येऊन हात पसरतं. सून ताट वाढून निघते, तर नवरा दारात आडवा: आधी देवाचा नैवेद्य! आतोबा पाटी वाचायला लागले, "पोरी, जिवंतपणी तुझ्या हातचं खाल्लं न्हाई गं, आता आतडं तुटायलंय..." पाटी केव्हाच निघून गेली, तरी ते वाचतच होते. अन् वडील ताडकन उभे राहिले आणि पडद्यावरल्या नवऱ्यावर ओरडले, "अरं, सरक की मुडद्या! देव थांबंल! आधी तिला वाढू दे!"

अख्खा तंबू वडिलांकडे बघायला लागला. आतोबांनी मान वळवली. "काय म्हणलाव, पाव्हणं?"

वडील खाली बसले. खेळ सुटल्यावर ते जोडे शोधायच्या आधी बायकांच्या दाराशी गेले. बायकोने वाकून दंडवत घातला. वडील तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या गाडी पाठवतो. तुझं ताट तू तुझ्या हातानं आधी काढत जा. देवाला मी सांगतो काय सांगायचं ते."

त्या ताटावर आमचा संसार झाला. पुढे रझाकारांच्या धामधुमीत तंबू यायचे बंद झाले, आणि तो सिनेमा कुठल्या गुदामात जळाला की कुजला, कोण जाणे. आतोबा थकून अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही दोघं परभणीला त्यांना भेटायला गेलो. मी म्हणालो, "आतोबा, तुमच्यामुळं माझं घर राहिलं." त्यांनी हात झटकला. "ते सोड. मला एक सांग. ताट समोर आल्यावर त्या भुताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का न्हाई? लोक म्हणतात, पीठ ओघळलं. तू होतास ना?"

"खरं सांगू? मी पडद्याकडं बघतच नव्हतो."

"मग कुठं बघायलता?"

माझी नजर शेजारी वळली. बायको लाजून पदराशी चाळा करू लागली. आतोबांना सगळं समजलं. ते दात नसलेलं तोंड उघडून हसले. मग त्यांनी मान तिच्याकडे वळवली आणि जरा घाबरतच विचारलं, "पोरी, तू तर बघितलं असशील?"

ती त्यांच्या उशाशी जाऊन बसली. "बघितलं की, आतोबा. पाणीच होतं ते."

"बघ," ते मला म्हणाले आणि समाधानाने कुशीवर वळले.